तुझ्या आईला म्हणावं

"रेवती, तुझ्या आईला म्हणावं, चहा जरा कडक कर."

अण्णाकाका हे म्हणाले तेव्हा आई त्यांच्यापासून दोन हातांवर, व्हरांड्याच्या पायरीपाशी उभी होती. कप तिच्याच हातात होता. मध्ये मी, वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली. समोर नारळीची झाडं आणि त्यांच्या पलीकडे, कुणीतरी इस्त्री करून पसरून ठेवावा असा हिरवा-निळा समुद्र. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

"आई, काका म्हणतायत चहा कडक कर."

"त्यांना म्हणावं, दूध पावडरीचं आहे. याहून कडक केला तर कडू होईल."

"काका, दूध पावडरीचं—"

"ऐकलं," काका म्हणाले. "म्हणावं, होऊ दे कडू."

आमच्या घरात आई आणि अण्णाकाकांचं बोलणं असंच चालायचं. थोरल्या दिरासमोर धाकट्या सुनेनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, नजरेला नजर द्यायची नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ही मंगळवेढ्याच्या आम्हा काळुंग्यांची रीत. लग्न होऊन आली त्या दिवसापासून आईनं ती पाळली, आणि खरं सांगायचं तर काकांनीही तितकीच पाळली. दोघांच्या मध्ये कुणीतरी लागायचं. आधी आजी होती, मग बाबा, आणि मला वाचा फुटली तशी मी. माझं निम्मं बालपण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं असं मी मैत्रिणींना सांगायचे. गंमत म्हणजे एकमेकांचं सगळं दोघांना आधीच ऐकू आलेलं असायचं. तरी निरोप पोचवावाच लागे, नाहीतर बोलणं झालं असं कुणी धरतच नसे.

ती रीत आम्ही शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्यांबरोबर बांधून थेट अंदमानला नेली. बाबा बँकेत होते, त्यांना प्रवास-सवलत मिळाली होती. पण काकांशिवाय बाबा पंढरपूरच्या पलीकडे गेलेले नव्हते. आजोबा लवकर गेले, तेव्हापासून काकांनीच बाबांना वाढवलं, शिकवलं, त्यांचं लग्न लावून दिलं. काका साखर कारखान्यात शेतकी अधिकारी होते. उसाच्या फडात एका बांधावरून हाक मारली तर चौथ्या बांधावरच्या माणसानं टोपी सावरावी असा त्यांचा आवाज. तर दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज उरकून, काका, काकू, त्यांचा इंजिनीअरिंगला असलेला धैर्यशील, बाबा, आई आणि मी अशी आमची वरात विमानानं आणि मग बोटीनं एका लहानशा बेटावर येऊन पोचली. मी तेव्हा अकरावीत होते. आज त्याला वीसेक वर्षं झाली.

बेट शांत होतं. इतकं की पहिल्या दिवशी काकूंना झोप येईना. मंडलबाबू नावाच्या एका बंगाली गृहस्थांची तीन खोल्यांची कुटी आम्ही घेतली होती. मागे स्वयंपाकघर होतं, आणि तीच खरी चूक झाली. स्वयंपाकघर दिसलं की आमच्या घरातल्या माणसांना भूक लागते. आल्या आल्या काकांनी फर्मावलं की हॉटेलचा भात पोटाला सोसत नाही. झालं, आई आणि काकू, म्हणजे आईच्या अक्का, पोळपाट घेऊन बसल्या. समुद्र आईनं पाहिला तो खिडकीच्या गजांतून.

मला त्याचा राग येत होता, पण त्याहून मोठा राग वेगळ्याच गोष्टीचा होता.

आई मुलींच्या हायस्कुलात भूगोल शिकवायची. सुट्टी लागायच्या आठवड्यात संस्थेनं तिला बोलावून सांगितलं होतं, शेजारच्या तालुक्यातल्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून जा. शाळा मोठी, मुलामुलींची, आणि शिक्षक झाडून सगळे पुरुष. दिवाळीची सुट्टी संपली की रुजू व्हायचं. आईला जायचं होतं. तिनं तसं म्हटलं नव्हतं, पण त्या रात्री ती पोळ्या लाटताना गुणगुणत होती आणि आई कधी गुणगुणत नाही. बाबांनाही तिनं जावंसं वाटत होतं. पण आमच्याकडे असल्या गोष्टीचा होकार अण्णाकाका देतात. आणि तो ते सुट्टीतच देतील असं बाबा रोज म्हणत होते.

बेटावरच्या दुसऱ्या संध्याकाळी जेवताना बाबांनी धीर करून विषय काढला.

"अण्णा, ते शाळेचं… त्यांना कळवायला हवं."

काकांनी भाकरी मोडली. आई आत, दाराशी उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला.

"बाळू, तू विचार कर," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजीच होती. म्हणून तर ते जास्त लागलं. "धाकटी गुणाची आहे. पण मुख्याध्यापक म्हणजे काय पोळ्या लाटणं आहे का? मिशावाले मास्तर असतात एकेक. कारखान्यात मी माणसं हाकलीत, मला ठाऊक आहे. माणूस आवाजाला भितं. आणि हिचा आवाज आपल्याच घरात कुणी ऐकलाय का? मी तरी नाही ऐकला बाबा. उद्या तिथं फजिती झाली तर नाव कुणाचं जाईल?"

"ती वर्गात—" बाबा म्हणाले.

"वर्गात पोरी असतात. पोरींना कुणीही गप्प करतं."

बाबा ताटाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता आई बाहेर येईल आणि काहीतरी बोलेल. ती आली, पण हातात आमटीचं पातेलं घेऊन, पदर कपाळापर्यंत ओढून. तिनं काकांना आमटी वाढली आणि माझ्याकडे वळली.

"रेवती, काकांना म्हणावं, उद्या पौर्णिमा आहे. दुपारी ओहोटी मोठी असते. पलीकडच्या किनाऱ्याला प्रवाळ उघडे पडतात म्हणे. मला ते बघायचेत."

नोकरीबद्दल एक अक्षर नाही, आणि दगड बघायचे म्हणते!

मी निरोप सांगितला. काका हसले. "म्हणावं, खडकच बघायचे तर मंगळवेढ्यात काय कमी आहेत?"

"त्यांना म्हणावं, ते खडक नाहीत. ते जिवंत असतात."

"जिवंत खडक!" काकांनी धैर्यशीलकडे पाहून डोळे मिचकावले. "बरं, जाऊ. माझ्या कॅमेऱ्यात घेऊ जिवंत खडक."

कारखान्यातून निवृत्त होताना लोकांनी काकांना व्हिडिओ कॅमेरा भेट दिला होता. त्या कॅमेऱ्यासाठी ते कुठंही जायला तयार असत, तेव्हा बेत ठरला. मी रात्री आईच्या अंथरुणाशेजारी पडले आणि कुजबुजले, "तू का नाही गं बोललीस?"

"काय बोलू?"

"की तुझा आवाज आहे म्हणून."

"आवाज आहे हे काय सांगून पटतं?" आई म्हणाली आणि कुशीवर वळली. मला तिचा संताप आला.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून आम्ही निघालो. मंडलबाबूंनी बजावलं होतं की चपला घालूनच पाण्यात उतरा, आणि पाणी फिरलं की लगेच माघारी या. काकांनी हात हलवून "हां हां" केलं. वाटेत आईचा निरोप माझ्यामार्फत पुढे गेला.

"काका, आई म्हणते इथं दिवस लवकर मावळतो. आपण खूप पूर्वेला आलोय."

"साडेसहापर्यंत उजेड असतो," काका मनगटावरचं घड्याळ दाखवत म्हणाले. घड्याळ मंगळवेढ्याचंच होतं, सूर्य मात्र तिथला होता. पण काकांच्या घड्याळाशी वाद घालायची आमच्यात पद्धत नव्हती.

पलीकडच्या किनाऱ्यावर समुद्र पार लांब गेला होता. जिथं एरवी पाणी असतं तिथं तपकिरी, खडबडीत, ओलं पठार उघडं पडलं होतं. वाळू आणि ते पठार यांच्यामध्ये एक सखल पट्टा होता. त्यात घोट्याएवढं पाणी. आम्ही तो छपछप करत ओलांडला. काकूंनी पातळ वर धरलं होतं आणि "अगं बया, अगं बया" चाललं होतं.

आई सगळ्यांत मागं होती. खडकांत साठलेल्या एका डबक्यापाशी ती थांबली, वाकली आणि वाकलेलीच राहिली. मी परत तिच्यापाशी गेले. पाण्याखाली फांद्या फुटल्यासारखं काहीतरी होतं. मोहरीच्या रंगाचं, आणि प्रत्येक टोक जांभळं. त्यातून बोटाएवढे निळे मासे आत-बाहेर करत होते. बाजूला एक मोठा शिंपला होता, आमच्या सावलीनं त्यानं तोंड मिटलं.

"हेच का ते?" मी विचारलं.

आईनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते. मग ती हसायला लागली. "इतकी वर्षं मी फळ्यावर गुलाबी खडूनं काढतेय गं. हे गुलाबी कुठं आहे?" तिनं बोटानं पाण्याला नुसता स्पर्श केला, प्रवाळाला नाही. "पुढच्या वर्षी पोरींना सांगते, बाईंनी तुम्हाला चुकीचा रंग शिकवला."

असा चेहरा मी तिचा घरात कधी पाहिला नव्हता. डबक्यामागून डबकं बघत ती पुढं सरकत होती. मला दाखवत होती, बाबांना बोलावत होती. बाबा गुडघ्यांवर बसून बघत होते आणि मधूनच आईकडे बघत होते. काकू आणि धैर्यशील थोडं पुढं एका खडकावर टेकले होते. काका मात्र कॅमेरा डोळ्याला लावून पार कडेला गेले होते, जिथं पठार संपून खरा समुद्र सुरू होतो तिथं. मोठमोठ्या लाटा नव्हत्याच. समोर सगळं गुळगुळीत, सोनेरी. काकांची पाठ आमच्याकडे होती.

आई बोलता बोलता गप्प झाली.

"काय झालं?"

"शेवाळ बघ."

डबक्याच्या तोंडाशी शेवाळाचे लांब दोरे होते. "आलो तेव्हा हे समुद्राकडं वाहत होते," आई म्हणाली. आता ते किनाऱ्याकडं झुकले होते. तिनं मान वळवून मागं बघितलं. मीही बघितलं. आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला तो पट्टा आता पांढरट उरला नव्हता. तो हिरवा झाला होता आणि चकाकत होता. पाणी समोरून आलंच नव्हतं. ते बाजूनं वळून आमच्या पाठीमागं शिरलं होतं.

आम्ही माणदेशाच्या उंबऱ्यावरची माणसं. पाणी येतं ते वरून किंवा कालव्यातून, एवढंच आम्हाला ठाऊक. ते मागून येऊन घर आणि आपण यांच्यामध्ये बसतं, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. शिवाय सूर्य नारळींच्या शेंड्यांना टेकला होता. काकांच्या घड्याळात बहुधा अजून दुपारच असावी.

"कड उंच असते, आतला भाग सखल," आई स्वतःशीच म्हणाली. "आधी आत भरतं." मग मोठ्यानं, "बाबांना म्हणावं, अक्कांना आणि धैर्यला इकडं आणा." बाबा शेजारीच होते. ते निघालेसुद्धा.

मी कडेकडे पाहिलं. काका अजून तिथंच, पाठमोरे. माझं काम मला पाठ होतं. "मी काकांना सांगून येते," म्हणून मी धावायला लागले. आईनं माझा दंड धरला. इतका घट्ट की वळ उठला.

"तू इथून हलायचं नाही."

वाऱ्यानं तिचा पदर डोक्यावरून खाली आला होता. तो तिनं वर घेतला नाही. कमरेला गुंडाळून खोचला, पाय रोवले आणि हाक मारली.

"अण्णा!"

मी दचकले. मला खरंच क्षणभर वाटलं, हे दुसरंच कुणीतरी ओरडलं. तो आवाज किंचाळल्यासारखा नव्हता. भरीव होता, सरळ जाणारा. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या रांगेला गप्प करणारा. इतकी वर्षं तो रोज सकाळी अकरा वाजता घरातून शाळेत जात होता आणि संध्याकाळी तिथंच ठेवून आई परत येत होती. काकांनी कॅमेरा खाली घेतला आणि कोण बोलावतंय ते इकडंतिकडं शोधायला लागले.

"अण्णा, पाणी फिरलं. मागं या. आत्ता!"

काकांना दिसलं कोण ते. त्यांनी हात वर करून दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं.

"दोन मिनिटं नाहीत. लगेच!"

आणि काका लगेच निघाले. आजही मला ते आठवलं की हसू येतं, कारण त्यांचे पाय त्यांच्या आधी निघाले होते. पण थोडं चालून त्यांनीही तो हिरवा पट्टा पाहिला, आणि मग घाबरले. ते सरळ किनाऱ्याच्या रोखानं पाण्यात उतरायला लागले.

"तिकडून नाही!" आई गरजली. "माझ्याकडं या!"

"इकडून जवळ आहे!"

"जवळ आहे, पण खोल आहे. तळ दिसतोय का तुम्हाला? इकडं या, अण्णा."

काकांच्या मांड्या भिजल्या होत्या. ते क्षणभर थांबले. मग वळले आणि धापा टाकत आमच्यापाशी आले. काकू तोवर मटकन खाली बसून रडायला लागल्या होत्या. "मेले गं मी, आता कुणाचं तोंड बघते गं…" आईनं त्यांना दोन्ही खांद्यांना धरून उभं केलं.

"अक्का, रडायचं ते वाळूवर पोचल्यावर. आता फक्त पुढच्याच्या पाठीकडं बघायचं. पाण्याकडं नाही. कळलं?"

"कळलं," काकू म्हणाल्या आणि खरंच गप्प झाल्या.

आईनं डावीकडं बोट दाखवलं. पाण्याखाली फिकट रंगाची एक वाकडीतिकडी सोंड किनाऱ्यावरच्या काळ्या कातळापर्यंत गेलेली दिसत होती. तो उंचवटा होता. येताना तिनं तो हेरून ठेवला असणार, कारण सहलीला नेलेल्या पोरींची परतीची वाट आधी बघून ठेवायची, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. "तिथून जायचं. लांब पडेल, पण गुडघाभर पाणी. हात धरून एका रांगेत. पाय उचलायचा नाही, घासत पुढं टाकायचा. तुम्ही पुढं," ती बाबांना म्हणाली. "मग अक्का. मग धैर्य. मग अण्णा. मग रेवती. मी शेवटी. हात कुणीही, कशासाठीही सोडायचा नाही. आकडे म्हणा."

"आकडे?" धैर्यशील म्हणाला.

"आपापला आकडा. मी विचारलं की मोठ्यानं म्हणायचा. चला."

"एक!" बाबा ओरडले. आपल्या बायकोकडे बघत, छाती काढून, एखाद्या शाळकरी मुलासारखे. बाबा इतक्या मोठ्यानं ओरडू शकतात हेही मला त्या दिवशीच कळलं.

"दोन," काकूंनी हुंदका गिळला.

"तीन."

पुढं काही नाही. वारा आणि पाणी.

"चार कोण आहे?" आईनं विचारलं.

काका माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "रेवती, तुझ्या आईला म्हणावं, मी काय शाळेतलं पोर—"

"अण्णा, तुमचा आकडा."

मी कुणाचाच निरोप पोचवला नाही. माझी गरज उरली नव्हती. काकांनी पाण्याकडे पाहिलं, वेगानं खाली जाणाऱ्या सूर्याकडे पाहिलं.

"चार," ते म्हणाले.

"पाच!" मी म्हणाले, आणि आम्ही निघालो.

माझा एक हात काकांच्या हातात होता, दुसरा आईच्या. काकांचा हात थंड पडला होता. पाणी पोटऱ्यांना लागलं, मग गुडघ्यांना. बाजूनं ते जोरानं ओढत होतं. कुठं पाय घसरला की आख्खी रांग हिंदकळायची आणि मागून आईचा आवाज यायचा. "सावकाश. घासत. धैर्य, आईला ओढू नकोस. आकडे!" आणि आम्ही आकडे म्हणायचो. खरं सांगते, आकडे म्हणताना भीती वाटत नाही. पुढच्याचा आकडा आला की आपला म्हणायचा, एवढंच डोक्यात राहतं. तिच्या सहलीतल्या कितीतरी पोरी अशाच निर्धास्त चालल्या असतील, आणि आम्ही तिच्या घरची माणसं पहिल्यांदाच तिच्या रांगेत उभे होतो.

कातळ अगदी जवळ आला असताना काका घसरले. गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा डोक्यावरून सुटला आणि कॅमेरा पाण्यात गेला. तो लगेच बुडाला नाही. कातडी पिशवीसकट जरा तरंगला आणि प्रवाहाबरोबर खोल पाण्याकडे निघाला. काकांनी माझ्या हातातून हात सोडवायला झटका दिला.

"चार नंबर!" आई मागून कडाडली. "हात सोडायचा नाही म्हटलं ना!"

काकांचा हात माझ्या हातात परत घट्ट झाला. कॅमेरा गेला. त्यांनी त्याच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

आम्ही कातळावर चढलो तेव्हा सूर्य गेला होता आणि सगळीकडे नुसती लाली उरली होती. मागं वळून बघितलं. ज्या पठारावर आम्ही उभे होतो ते कुठंच नव्हतं. समुद्र पुन्हा गुळगुळीत झाला होता, जसं काही घडलंच नाही. काकूंनी आता मनसोक्त रडून घेतलं. बाबा आईजवळ जाऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. आणि मला काय वाटत होतं ते सरळच सांगते. मला माझ्या आईचा इतका अभिमान वाटत होता की छातीत मावत नव्हता. त्या किनाऱ्यावर आणखी माणसं असती तर मी प्रत्येकाला हाताला धरून आणलं असतं आणि सांगितलं असतं, बघा, ही माझी आई.

काका जरा बाजूला, वाळूवर बसले होते. बऱ्याच वेळानं ते उठले, धोतराचा सोगा पिळला आणि आमच्याजवळ आले. आईपासून दोन हातांवर थांबले. घसा खाकरला. माझ्याकडे बघितलं.

"रेवती, तुझ्या आईला म्हणावं—"

आई पदराचं पाणी पिळत होती. तो तिनं खांद्यावर टाकला. डोक्यावर घेतला नाही.

"अण्णा, मी इथंच आहे," ती म्हणाली. आवाज शांत होता, आणि ती त्यांच्या डोळ्यांत बघत होती. "मलाच सांगा."

चौथ्या बांधावर हाक पोचवणाऱ्या माणसाला दोन हातांवर बोलायला शब्द सापडेनात. काकूंचं रडणंही थांबलं.

"त्या शाळेतले मास्तर," शेवटी काका म्हणाले, एकेक शब्द तोलून, तिच्याकडेच बघत, "ऐकतील तुझं."

"ऐकावं लागेल," आई म्हणाली. "सुट्टी संपली की मी रुजू होतेय, अण्णा."

मला वाटलं, आता काका बाबांकडे बघतील, किंवा माझ्याकडे. त्यांनी कुणाकडेच बघितलं नाही. ओल्या कपड्यांत, अनवाणी, ते नीट सरळ उभे राहिले.

"होय, बाई," अण्णाकाका म्हणाले.